पाण्यात विरघळलेला खडक

पोरांनो, लासूर स्टेशनच्या शिवारातल्या कुठल्याही विहिरीचं पाणी पेल्यात घ्या आणि उजेडाकडे धरा. नितळ दिसेल. पलीकडची बाभळसुद्धा आरपार दिसेल. तरी मी सांगतो, त्या पेल्यात खडक आहे. ज्या काळ्या दगडावर आपलं गाव वसलंय, ज्याची खडी रुळांखाली पसरलीय, तोच दगड कणाकणानं विरघळून त्या पाण्यात उतरलाय. तुम्ही रोज तो पिता. हंड्याच्या बुडाला बसलेला पांढरा थर आजी खरवडते ना, तो हाच.

ताई, तू यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेलीस. परवा प्रॅक्टिकलचं पुस्तक उघडून म्हणालीस, "आबा, पाण्याची दुष्फेनता काढायची म्हणजे नुसते थेंब सोडत बसायचं. त्यात काय आहे?" त्यात काय आहे, तेच आज सांगतो. बारक्यांनीही ऐका. मोठे शब्द आले तर पुढे सरका, गोष्ट तुम्हाला सोडून जाणार नाही.

ही गोष्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा इथं शिवना नदी नव्हती, कपाशी नव्हती, कांदा नव्हता, माणूस तर नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा वर आला. एकदा येऊन थांबला नाही, पुन्हा पुन्हा येत राहिला. एक थर निवायचा, त्याच्यावर दुसरा पसरायचा. असं होता होता दख्खनचं पठार तयार झालं. वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलं आणि देवगिरी किल्ल्याचा उभा कडा ज्यातून तासून काढला, तो हाच बसाल्ट, आपला काळा पाषाण. त्यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, लोह आहे, सिलिका आहे. पण सगळं एकमेकांत घट्ट बांधलेलं. दगडाचा तुकडा पाण्यात वर्षभर बुडवून ठेवलात तरी डोळ्यांना काही फरक दिसणार नाही. मग हा दगड विरघळला कसा?

त्याला विरघळवतो श्वास. झाडांच्या मुळांचा, गांडुळांचा, मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचा श्वास. आपल्या भोवतालच्या हवेत कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा, शंभर भागांत ०.०४ भाग. तुम्ही श्वास बाहेर सोडता तेव्हा त्यात तो सुमारे ४ भाग असतो, म्हणजे शंभरपट. मातीच्या पोकळ्यांत मुळं आणि जिवाणू दिवसरात्र श्वास सोडतात आणि तो वायू तिथंच कोंडून राहतो. त्यामुळे तिथं त्याचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट, कधी शंभरपटही होतं. मृगाचं पाणी मातीतून झिरपतं, तेव्हा हा वायू त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होतं. सोड्याच्या बाटलीत असतं तेच हे कार्बोनिक आम्ल. इतकं सौम्य की जिभेला चटका लागत नाही. पण त्याच्या हाताशी वेळ अमाप. वर्षानुवर्षं झिरपत ते दगडातला कॅल्शियम सुटा करतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात आपल्याबरोबर विहिरीपर्यंत घेऊन येतं.

आबा म्हणाले म्हणून हे खरं मानू नका. करून बघा.

पानटपरीवरून खायचा चुना आणा. चमचाभर चुना बाटलीभर पाण्यात ढवळा आणि रात्रभर ठेवून द्या. सकाळी तळाशी पांढरा गाळ दिसेल आणि वर स्वच्छ पाणी. ही चुन्याची निवळी. एक लिटर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, बाकीचा खाली बसतो. वरची निवळी अलगद ओतून घ्या, तिच्यात दहापट पावसाचं पाणी घाला आणि नळीनं हळूहळू फुंका. फुंकायचं फक्त, ओढायचं नाही. निवळी तोंडात गेली तर आतली कातडी भाजते. थोड्याच वेळात पाणी दुधाळ होईल. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि निवळीतला चुना मिळून कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड झाली. हीच खडू-संगमरवराची पूड.

बहुतेक शाळांत हा प्रयोग इथंच संपतो. वायू सिद्ध झाला, वह्या मिटल्या. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी गंमत पुढं आहे. फुंकत राहा. दम खाऊन पुन्हा फुंका. हळूहळू दूध ओसरतं आणि पाणी परत नितळ होतं. जी पूड तळाशी बसायला निघाली होती, ती जास्तीच्या वायूनं विरघळवली, बायकार्बोनेट करून पाण्यात नेली. मातीखाली पाऊस जे करतो, ते तुम्ही पेल्यात केलंत. आता तेच नितळ पाणी पातेल्यात उकळा. बुडबुडे येतील, वायू उडून जाईल आणि पांढरी पूड परत दिसू लागेल. हंड्याच्या बुडाशी रोज हेच चाललेलं असतं. मातीतला पाऊस, विहीर आणि चूल, या तिन्हींची गोष्ट त्या एका पेल्यात बघायला मिळते. उलट-सुलट दोन्हीकडे चालणारी अभिक्रिया म्हणजे काय, हे याहून चांगलं फळ्यावर कुणाला दाखवता येईल असं मला वाटत नाही.

पांढऱ्या दगडातल्या या वायूचं कोडं पहिल्यांदा नीट सोडवलं ते स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक नावाच्या तरुणानं. तो एडिंबरोला वैद्यकी शिकत होता. त्या काळी मुतखड्यावर चुन्याची निवळी औषध म्हणून देत. कुठला चुना चांगला यावर मोठ्या वैद्यांचे वाद चालायचे. ब्लॅकनं वादात न पडता तराजू घेतला. खडूसारखे पांढरे पदार्थ तापवायचे आणि आधी-नंतर वजन करायचं. तापवल्यावर वजन घटत होतं. घटलेलं वजन गेलं कुठं? हवेत. म्हणजे त्या घट्ट दगडात एक हवा बांधलेली होती, आणि तिला वजन होतं! १७५६ साली त्यानं हे छापून प्रसिद्ध केलं. तोवर हवा म्हणजे एकच, सगळीकडे सारखी, अशी समजूत होती. एका विद्यार्थ्याच्या तराजूनं ती मोडली. ताई, प्रयोगशाळेत तराजूच्या काचेच्या दाराआड उभी राहशील तेव्हा घाई करू नकोस. रसायनशास्त्राचा पाया त्या पारड्यात घातला गेला आहे.

त्याचा हिशेब आज तुला पाठ असेल. १०० ग्रॅम चुनखडी पुरती भाजली की ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्यासाठी सुमारे ९०० अंश सेल्सिअसची भट्टी लागते. आपल्याकडे ती चुनखडी आणायला लांब जावं लागत नव्हतं. काळ्या रानात नांगरताना पांढरट, गाठीगाठीचे खडे वर येतात ना? तीच. जमिनीत मुरलेलं कॅल्शियमचं पाणी उन्हाळ्यात आटतं, वायू निघून जातो आणि हे खडे मागे राहतात. गावोगावी ते भाजत, कळीचा चुना विझवत. विझवताना पाणी कसं खदखदायचं ते ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. चूल नाही, विस्तव नाही आणि पाणी उकळतंय. मग बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली वाळूबरोबर तो चुना मळत. संभाजीनगरचा बीबी का मकबरा १७व्या शतकातला. त्याचा घुमट संगमरवरी आहे, पण अंगावरचा गिलावा बराचसा चुन्याचा. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि सावकाश पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत जे ४४ ग्रॅम गमावले, ते भिंतीवर परत मिळवतो. गिलावा नुसता वाळून टणक होत नाही. तो दगड होतो.

शेतकऱ्याला मात्र ही चुनखडी छळते. चुनखडीच्या रानात मोसंबीची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, पण सामू (pH) वाढलेला असल्यामुळे ते मुळांना मिळत नाही. बाग लावण्याआधी त्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून बघतात. फसफसली तर जमिनीत चुनखडी आहे. लाखो रुपयांची बाग लावायची की नाही, हे एका थेंबानं निम्मंअधिक ठरतं. ताई, हा तुझ्या पुस्तकातला कार्बोनेटचा प्रयोग. अर्ध्या पानाचा आहे. आपल्या भागात त्याला पानभर जागा द्यायला हवी.

आता विहिरीकडे परत येऊ. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त झालं की साबणाचा फेस होत नाही; अशा पाण्यालाच दुष्फेन म्हणतात. साबणाचा कण त्यांना जाऊन चिकटतो आणि न विरघळणारी चिकट साय तयार होते; बादलीच्या कडेला जो राखाडी वळ दिसतो तो तिचा. तुरीची डाळही लवकर शिजत नाही. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं, त्याला कॅल्शियम आणखी घट्ट करतो. म्हणून तर आपल्या बायका डाळीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकत आल्या. त्यांनी ना पेक्टिन ऐकलं होतं ना कॅल्शियम, पण उपाय बिनचूक काढला होता. आणि हे रेल्वेचे रूळ! हे १९९०च्या दशकात रुंद झाले. त्याआधी या मार्गावर निजामाच्या काळापासूनची मीटरगेज होती, कोळशाची इंजिनं धावत. अशा इंजिनाच्या बॉयलरमध्ये दुष्फेन पाणी गेलं की नळ्यांवर खाराचा थर चढतो, उष्णता आत जात नाही, कोळसा जास्त लागतो आणि नळी तापून फुटण्याची भीती. त्यामुळे रेल्वेला पाण्याची परीक्षा करणारे रसायनतज्ज्ञ लागत.

पण पाणी किती दुष्फेन, हे मोजायचं कसं? १९व्या शतकात स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी साबणच वापरला. मोजून साबणाचं द्रावण घालायचं, बाटली हलवायची, फेस टिकेपर्यंत घालत राहायचं. चाललं ते शंभर वर्षं. मग १९३५ साली जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ यांनी एक नवा पदार्थ बनवला. कापडाच्या रंगाईत पाण्यातला कॅल्शियम आडवा येतो, रंगाला डाग पडतात. त्याला बाजूला धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. त्या पदार्थाचं लांबलचक नाव सोडा, सगळे त्याला ई.डी.टी.ए. म्हणतात.

शिवनेच्या काठावरचा खेकडा दोन नांग्यांनी बोट धरतो, तसा ई.डी.टी.ए.चा रेणू कॅल्शियमला धरतो, फक्त याला पकडीच्या जागा सहा. चारी बाजूंनी, वरून आणि खालून धरलं की कॅल्शियमला हलता येत नाही. एक रेणू, एक कॅल्शियम. कमी नाही, जास्त नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच विद्यापीठातल्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४०च्या दशकात हेच हेरलं. एकास एक पकड असेल तर किती ई.डी.टी.ए. खर्ची पडलं यावरून किती कॅल्शियम होता हे मोजता येईल! राहिला प्रश्न, पकड पुरी झाली हे कळायचं कसं? दोन्ही द्रावणं रंगहीन. त्यांनी एक रंग साक्षीला उभा केला.

आता लक्ष दे ताई, तुझं प्रॅक्टिकल आलं. पिपेटनं विहिरीचं ५० मिलिलिटर पाणी कोनिकल फ्लास्कमध्ये घे. अमोनियाचं बफर घाल, म्हणजे सामू १०च्या आसपास स्थिर राहील. त्याहून खाली गेला तर पकड ढिली होते. मग एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग चिमूटभर. तो पाण्यातल्या मॅग्नेशियमला धरतो आणि पाणी दारूसारखं तांबडं होतं. ब्युरेटमध्ये ई.डी.टी.ए. भरण्याआधी त्याच द्रावणानं ती विसळून घे. तोटीतला हवेचा बुडबुडा काढून टाक, नाहीतर तो बुडबुडा तुझ्या उत्तरात शिरेल. फ्लास्कखाली पांढरी फरशी ठेव. आता सोड थेंब. ई.डी.टी.ए. आधी मोकळा कॅल्शियम धरतं, मग मोकळा मॅग्नेशियम. सगळे संपले की शेवटी रंगाच्या हातातला मॅग्नेशियमही हिसकावून घेतं, आणि रंग सुटा होऊन निळा पडतो. तांबड्याचं जांभळं होऊ लागलं की हात आवर. इथून पुढं एकेक थेंब, प्रत्येक थेंबानंतर फ्लास्क फिरवायचा आणि थांबायचं, कारण ही शेवटची हिसकाहिसकी सावकाश होते. लाल छटा पुरती गेली, निळं झालं की थांब. डोळा द्रावणाच्या पातळीत आणून खालच्या वक्राचं रीडिंग घे. दोन वेळा आकडा जुळला तरच तो खरा.

समजा ०.०१ मोलर ई.डी.टी.ए. २० मिलिलिटर लागलं. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे ५० मिलिलिटर पाण्यात २० मिलिग्रॅम, लिटरला ४०० मिलिग्रॅम. आता तेच पाणी उकळून, गाळून, आटलेलं तेवढं डिस्टिल्ड पाणी घालून मापाला आण आणि परत कर. समजा या वेळी ८ मिलिलिटर लागले. म्हणजे लिटरला २४० मिलिग्रॅम उकळण्यानं गेले, ते बायकार्बोनेटचे. १६० उरले, ते सल्फेट-क्लोराइडचे, उकळून न जाणारे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६००पर्यंत चालतं. हा आकडा तू काढलेला असतो. कुणी सांगितलेला नाही.

हाच ई.डी.टी.ए. शाम्पूच्या बाटलीवर बारीक अक्षरांत वाचायला मिळेल. शिशाची विषबाधा झालेल्या माणसालाही तो देतात. मात्र आधी त्याच्या पकडीत कॅल्शियम बसवून, म्हणजे तो रक्तातल्या कॅल्शियमला हात लावत नाही आणि शिसं आलं की कॅल्शियम सोडून ते धरतो.

रंगाची साक्ष काढायची युक्ती तुमच्या देवघरातही आहे. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. कुंकू करताना हळदीवर चुन्याचाच प्रयोग करत. लिंबू पिळलं की लाल ओसरून परत पिवळं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईल यांनी १६६४ साली फुलांच्या रसांवर आम्ल आणि क्षार टाकून असेच रंग बदलून दाखवले. ताई, तुझा लिटमस तर दगडफुलाच्या जातीचा, लायकेनपासून काढलेला. काळ्या मसाल्यात पडणारं दगडफूल तो रंग देत नाही, पण त्याचंच गणगोत. बारक्यांनो, तुम्ही जास्वंदीच्या रसावर लिंबू आणि निवळी टाकून बघा, मला रंग येऊन सांगा. चुन्याची पुडी किंवा ट्यूब मात्र दाबून खेळायची नाही. पिचकारी डोळ्यात उडाली की बुबुळ भाजतं, कितीतरी लेकरांची दृष्टी अशी गेली आहे. उडालाच तर चोळू नका. लगेच, तिथंच, भरपूर पाण्यानं डोळा धूत राहा आणि तसेच दवाखान्यात जा.

आता खडकाच्या पोटातली गोष्ट. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. मागून गरम पाणी त्या पोकळ्यांतून फिरलं आणि आत पांढरे, गुलाबी, चमकदार स्फटिक वाढले. विहीर खणणारे ज्या खडकाला मांजऱ्या म्हणतात, त्यात हे ठिपके दिसतात. यांतले पुष्कळसे झिओलाइट जातीचे. स्टिलबाइट, ह्युलँडाइट अशी त्यांची नावं. जगभरच्या संग्रहालयांत दख्खनचे झिओलाइट मानानं मांडलेले आहेत आणि आपल्याकडे ते खाणीच्या कडेला खडीत फुटून पडतात. बघून जीव हळहळतो.

या स्फटिकाचा छोटा तुकडा कोरड्या परीक्षानळीत तापवला तर नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात. दगडातून पाणी! स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रॉनस्टेट यांनी हे पाहून नोंदवलं तेही १७५६ साली, ब्लॅकच्या लेखाच्याच वर्षी. झिओलाइटच्या आत बोगदे असतात, रेणूच्या मापाचे. त्यांत पाणी असतं आणि सोडियम, कॅल्शियम असे आयन सैल बसलेले असतात. सोडियम बसलेल्या झिओलाइटमधून दुष्फेन पाणी गेलं की पाण्यातला कॅल्शियम आत शिरतो आणि सोडियम बाहेर येतो. पाणी मऊ होतं. झिओलाइट भरला की मिठाचं दाट पाणी सोडायचं, कॅल्शियम बाहेर, सोडियम आत. आपल्या खडकातल्या झिओलाइटमध्ये मुळातच बहुतेक कॅल्शियम बसलेला असतो, म्हणून तो तसाच उचलून विहिरीत टाकून उपयोग नाही. पण माणसानं बनवलेला झिओलाइट कपड्यांच्या पावडरीत असतो, आणि पाणी मऊ करणाऱ्या यंत्रांत आज त्याच तत्त्वावर चालणारे राळेचे मणी.

काळी मातीही हेच करते. १८५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्प्सन नावाच्या एका जमीनदारानं आणि वे नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं मातीतून अमोनियम सल्फेटचं पाणी झिरपवलं. खालून निघालं ते कॅल्शियम सल्फेट! मातीनं अमोनियम ठेवून घेतला आणि बदल्यात कॅल्शियम दिला. आपल्या कपाशीच्या रानात खताचा अमोनियम पहिल्याच पावसात वाहून जात नाही, तो मातीच्या या गुणामुळे. पृथ्वीवर जी काही मोठी नवलं आहेत त्यांत मी हे धरतो. लोक ज्वालामुखी बघायला दूरदेशी जातात. मला मुठीतली काळी माती तेवढीच थोर वाटते.

ताई, तुला एक सांगायला हवं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा पदवीचं शिक्षण घ्यायला हैदराबाद गाठावं लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात शिकवणं उर्दूतून. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं. त्यानंतर कुठं इथल्या खेड्यांतल्या पोरांच्या हातात ब्युरेट आली. त्याच्याही आधी, १९व्या शतकात, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक मराठीतून रसायनशास्त्राची पुस्तकं लिहीत होते. परिभाषा नाही, शब्द नाहीत, तरी लिहीत होते. इतक्या कष्टांनी हातात आलेली ही गोष्ट आहे. शेजारच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून ती वाया घालवू नये, एवढंच माझं म्हणणं.

कारण त्या रीडिंगची गावाला गरज आहे. आज घरोघरी जारचं पाणी येतं, आरओची यंत्रं बसतात, आणि विहिरीचं पाणी किती दुष्फेन आहे ते कुणी मोजलेलंच नसतं. घरगुती आरओ जेवढं पाणी गाळून देतं, त्याहून जास्त बहुधा टाकून देतं. आपल्यासारख्या टँकरच्या मुलखात हे परवडणारं नाही. दुष्फेन पाणी म्हणजे विष नव्हे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतात, आणि अशा पाण्यानं मुतखडा होतोच असं सिद्ध झालेलं नाही. उलट, दुष्फेनता कमी आली म्हणजे पाणी निर्धोक असंही नाही. खतांमधून झिरपलेलं नायट्रेट किंवा सांडपाण्यातले जंतू या प्रयोगाला दिसत नाहीत, त्यांच्या परीक्षा वेगळ्या. एका प्रयोगाला एकच प्रश्न विचारता येतो. तो नेमका विचारायचा आणि उत्तर तेवढंच मानायचं.

तर ताई, आणि तुझ्याबरोबर गाडीनं कॉलेजला जाणाऱ्या सगळ्या पोरापोरींनो, मृग लागण्याआधी आपापल्या विहिरीचं, बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून सरांच्या परवानगीनं प्रयोगशाळेत न्या आणि दुष्फेनता काढा. दिवाळीनंतर त्याच विहिरीचं पाणी पुन्हा न्या. दोन्ही आकडे तारखेसकट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, म्हणजे यंत्र घ्यायचं की नाही हे लोक आकडा बघून ठरवतील.